काडेपेटीचे छाप, तीन पैसे, मग्यार पोस्ता... तुम्ही लहानपणी काय जमवायचात?

गारवेल

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले, आज डबा समोर घेऊनच बसलेय.

मे महिन्यात कराडचं घर आवरायला गेलो होतो. आईला आता एकटीला जमत नाही, तिला पुण्याला आणायचं ठरलं, आणि चाळीस वर्षांचं घर आवरायचं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. माळ्यावर पितळी भांड्यांच्या पोत्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. झाकण गंजून घट्ट बसलेलं, उलथन्याचं टोक घालून उचकटलं. आत एक जुनी लांबडी खतावणी, व्हिक्सच्या दोन डब्या आणि एक खाकी पाकीट. मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसले आणि खालून आई विचारतेय, अगं काय सापडलं, तर मला बोलताच येईना.

खतावणीत काडेपेटीचे छाप आहेत, २१२. सहावीत मोजून शेवटच्या पानावर आकडा लिहिला होता तो तसाच आहे. माझ्या मामाचं मलकापूर फाट्याजवळ पंक्चरचं दुकान होतं, पुणे-बंगलोर हायवेवर. आमच्या गावात सगळ्यांकडे तेच ते जहाज, तोच चित्ता, तोच घोडा, पण मामाच्या दुकानात मद्रासकडचे ट्रक थांबायचे आणि त्या ड्रायव्हरांच्या खिशात शिवकाशीच्या पेट्या असायच्या, त्यावर मोर, किल्ली, रेडिओ, दोन आंबे, कमळावर बसलेलं बाळ, आणि खाली ती गोल गोल अक्षरं जी आम्हाला वाचता यायची नाहीत. एक ड्रायव्हर होता, मामा त्याला अण्णा म्हणायचा, खरं नाव कधी कळलंच नाही. तो दर फेरीला चार-पाच रिकाम्या पेट्या रबर लावून आणायचा फक्त माझ्यासाठी. त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ नाही, तो नुसतं बोटांनी आकडा दाखवायचा, आज किती. त्या पेट्या मी कोमट पाण्यात टाकायचे, कागद सुटला की पाटीवर वाळवायचे आणि खळीनं वहीत चिकटवायचे. खळ आईच्या कणकेची, त्यामुळे आता कसर लागलीय, मोराच्या पोटात चार गोल भोकं आहेत.

डब्यांत नाणी. आणि पाकिटात पोस्टाची तिकिटं, साठ-सत्तर असतील. त्यात मंगोलियाचं एक त्रिकोणी तिकीट आहे, ते वर्गातल्या एका मैत्रिणीनं दिलेलं. तिचे वडील बँकेत, बदली झाली आणि वार्षिक परीक्षेच्या आधीच ती लोकं गेली. बदल्यात मी तिला एशियाडचं नाणं देणार होते, १९८२ चं. ते द्यायचं राहिलं. नाणं आणि तिकीट दोन्ही माझ्याच डब्यात.

माझा मुलगा यंदा सहावीत. त्याने सगळं बघितलं आणि पहिला प्रश्न, याचे किती येतील, कारण मोबाईलवर त्याला सारखे व्हिडिओ दिसतात, जुनं नाणं विका लाखो कमवा. दुसरा प्रश्न मात्र चांगला होता. म्हणाला, हे तुला कोणी कोणी दिलं? आणि मी सांगत गेले तर जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे एक माणूस निघाला. म्हणून हा धागा. काय जमवायचात हे तर सांगाच, पण ते तुमच्यापर्यंत कोण आणायचं तेही सांगा. आणि जाणकारांनी नाणी घासायची का, कसर कशी थांबवायची हे पण सांगा प्लीज.

रविवारसकाळ

मस्त धागा. रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी सविस्तर लिहितो.

एसटीप्रेमी

एसटीची तिकिटं! माझे वडील बार्शी डेपोत कंडक्टर होते. त्यांची ती पत्र्याची तिकिटांची पेटी, कप्प्याकप्प्यात वेगवेगळ्या रकमेचे गठ्ठे, प्रत्येक रकमेला वेगळा रंग, कडेला रबर. लोकांना वाटायचं याला काय बाबा, बापच कंडक्टर, हवी तेवढी तिकिटं. पण कोरं तिकीट त्यांनी मला एकदाही दिलं नाही, कारण एकेका नंबरचा हिशोब वेबिलवर लिहून डेपोत द्यायचा, एक तिकीट कमी भरलं तर पैसे पगारातून. मी मग स्टँडवर उतरणाऱ्या लोकांच्या मागे फिरायचो, काका तिकीट टाकू नका, मला द्या. पंच मारलेली, चुरगळलेली, पान खाऊन लाल बोट पुसलेली सुद्धा. घरी आणून तांब्यात गरम पाणी भरून त्याच्या बुडानं इस्त्री करायची.

आणि पंच मारल्यावर पडणाऱ्या त्या बारीक कागदी टिकल्या, त्या वडिलांच्या खाकी शर्टाच्या खिशात, बाहीच्या घडीत अडकून घरी यायच्या. आई धुण्याआधी शर्ट झाडायची तेव्हा माझी धाकटी बहीण खाली ओंजळ धरून बसायची. तिच्याकडे एक काचेची बाटली भरून टिकल्या होत्या, गुलाबी हिरव्या पिवळ्या. आता मशिनमधून पांढरी चिठ्ठी येते. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. ती बाटली बहिणीकडे आहे अजून.

गारवेल

एसटीप्रेमी, बाटलीचा फोटो टाका हो जमलं तर. मला कधी सुचलंच नसतं की टिकल्या पण जमवता येतात.

जुनाबाजार

गारवेलताई, सगळ्यात आधी एक काम करा, नाणी घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, टूथपेस्ट नाही. काळपटपणा हा त्या धातूचा वयाचा थर असतो, तो गेला की जाणकार माणूस नाणं हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. फार माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर टिपून घ्या, बस. दुसरं, ते बाजारात मिळणारे मऊ प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम घेऊ नका. वर्ष दोन वर्षात त्या प्लास्टिकमधून चिकट हिरवट काहीतरी सुटतं आणि तांब्याची नाणी खाऊन टाकतं. माझी स्वतःची अकरा नाणी अशी गेली. साधी कागदी पाकिटं करा, एका पाकिटात एकच नाणं.

आता तुमच्या मुलासाठी. भिंग घ्या आणि वर्षाच्या आकड्याखाली बघा. काही नाही म्हणजे कलकत्ता टांकसाळ, चौकट म्हणजे हिऱ्याचा आकार दिसला तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, पण ती १९८८ नंतरची, तुमच्या डब्यात बहुतेक नसेल. हे एकदा कळलं की डब्यातली एकसारखी वाटणारी पन्नास नाणी वेगवेगळी होतात. मला हे आठवीत असताना आमच्या वाण्याच्या दुकानात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मुनिमजींनी दाखवलं. गल्ल्यातली चिल्लर मोजता मोजता ते चांदणीवाली बाजूला काढायचे. मी म्हटलं असं का, तर म्हणाले ही निजामाच्या गावची. त्या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं नाणी जमवतोय.

मुलाला १ एप्रिल १९५७ सांगा. त्या दिवसापासून आपला रुपया शंभर पैशांचा झाला, त्याआधी सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नव्या पैशाला 'नया पैसा' नाव दिलं आणि नाण्यावर चक्क लिहून टाकलं, 'रुपये का सौवां भाग'. १९६४ मध्ये 'नया' गेलं, नुसता पैसा राहिला. तुमच्या डबीत 'नये पैसे' लिहिलेली आणि न लिहिलेली दोन्ही असतील, शोधायला लावा त्याला. तीन पैशाचं षटकोनी नाणंही १९६४ चंच. ते ज्यांनी वापरलंय ती पिढी अजून आहे, आजीला विचारा म्हणावं तीन पैशात काय यायचं.

ते लाखो रुपयांचे व्हिडिओ मात्र बंद करा. नाण्याचे पैसे देतो म्हणतात आणि आधी रजिस्ट्रेशन, कमिशन, टॅक्स म्हणून तुमच्याकडूनच पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून हे चालायला लागलं तेव्हा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की आम्ही असले व्यवहार करत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आजही चिल्लरमध्ये सापडतं, त्याला लाख रुपये कोण देणार? माझ्या ओळखीच्या एका रिटायर्ड शिक्षकांचे अशात चौदा हजार गेले. माणूस इतका खचला की पोलिसात जायलाही तयार नव्हता. त्याचा मला फार राग आहे म्हणून एवढं लांबलं.

नाशिककडे गेलात तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आहे, संग्रहालयही आहे. मुलाला नक्की न्या.

माडाचीसावली

आमच्या डिचोलीच्या घरी आजीच्या कुंकवाच्या पेटीत पोर्तुगीज नाणी होती. मोठी माणसं बोलताना अजून तांगा, रुपिया म्हणायची, सोळा तांग्यांचा एक रुपिया. मग १९५८ च्या सुमारास पोर्तुगालचंच एस्कुदो आणलं, एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणजे गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी एका आयुष्यात तीन हिशोब शिकले, तांगे, मग एस्कुदो-सेंताव्ह, मग १९६१ नंतर रुपये-पैसे. आजी बाजाराचा हिशोब मनातल्या मनात शेवटपर्यंत तांग्यात करायची आणि मग आम्हाला रुपयात सांगायची.

माझ्याकडे एक १९५८ चं साठ सेंताव्हचं आहे, 'एस्तादो द इंदिया' लिहिलेलं. हातात घेतलं की चकचकीत गार लागतं. वापरात जेमतेम तीन वर्षं आलं असेल ते. आजीनं मला दिलं तेव्हा सांगितलेलं, हे कोणी घेत नाही म्हणून तुला देते, ज्या दिवशी कोणी घेईल त्या दिवशी परत माग.

बाभूळबन

बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले प्राणी कुणाला आठवतात? छोटे प्लास्टिकचे, बोटाच्या पेराएवढे. आम्ही पाच भावंडं, पेस्ट महिन्याला एक, त्यामुळे पाच महिन्यांनी एकदा नंबर लागायचा. माझ्या वाट्याला जिराफ आला होता. मोठ्या भावाने आपला हत्ती आजारी धाकट्याला दिला तो परत मागितला नाही.

टपालहंशील

तिकिटांवर माझा जीव, तेव्हा मी लिहिणारच.

ताई, पाकिटासकट तिकिटं असतील तर सगळी सोडवू नका. जुन्या पाकिटावर शिक्का स्पष्ट असेल, गावाचं नाव तारीख वाचता येत असेल, तर ते पाकीटच्या पाकीट ठेवा. बाकीची सोडवायची तर कडेनं सेंटीमीटरभर कागद ठेवून कापा, परातीत कोमट पाणी, चित्र वर करून तरंगत सोडा आणि हात लावू नका, पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सरकतं. घाई करून ओढलंत तर मागचा कागद सोलतो, आणि दाते तुटले की तिकीट संपलं. लाल जांभळी पाकिटं वेगळ्या पाण्यात, नाहीतर सगळी गुलाबी होतात. वाळवताना पालथी घाला, मग जाड डिक्शनरीत आठ दिवस. चिमट्यानंच उचला, बोटाला घाम असतो.

मग्यार पोस्ता म्हणजे हंगेरी. आमच्या वेळी ही एक विद्याच होती. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, स्वेरिये म्हणजे स्वीडन, निप्पॉन म्हणजे जपान, आणि ज्याच्यावर देशाचं नावच नाही, फक्त राणीचं डोकं, ते इंग्लंडचं, कारण टपाल तिकीट पहिल्यांदा काढलं त्यांनी, १८४० साली, तेव्हा दुसरा देशच नव्हता नाव लिहायला. हे सगळं मला शाळेनं शिकवलं नाही. आमच्या वाड्यात एक पोस्टमन राहायचे, ते संध्याकाळी सायकल लावताना नुसतं सांगायचे, आज देशपांड्यांकडे जर्मनी आलंय. मग मी देशपांड्यांच्या दारात. तिकीट ते कधीच स्वतः काढून आणायचे नाहीत, टपाल दुसऱ्याचं असतं म्हणायचे, तू जा आणि माग. मागायचं कसं, दार वाजवून नमस्कार करून काय बोलायचं, हे मी त्या तिकिटांपायी शिकलो.

माझ्याकडचं सगळ्यात लाडकं तिकीट परदेशी नाही. १९५८ चं अण्णासाहेब कर्व्यांचं, पंधरा नये पैसे. १८ एप्रिलला त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी निघालेलं, आणि अण्णा स्वतः हयात. स्वतःचं चित्र असलेलं तिकीट लावून स्वतःला पत्र येऊ शकत होतं त्यांना, हा विचार लहानपणी डोक्यातून जायचा नाही माझ्या. माझ्या आत्येनं दिलं ते, ती हिंगण्याला त्यांच्या संस्थेत शिकली होती. तिने ते पत्रावर न लावता पोथीत ठेवलं होतं, त्यामुळे मागचा डिंक अजून शाबूत आहे.

लघुलहरी

परदेशी तिकिटांचा आमचा मार्ग वेगळा. शॉर्टवेव्ह. सांगलीत घरी मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, रात्री जेवणं झाली की मी आणि शेजारचा दादा काटा एक एक केस सरकवत बसायचो. रेडिओ मॉस्को, डॉइचे वेले, रेडिओ नेदरलँड, रेडिओ जपान. ऐकलं की वहीत लिहायचं, तारीख, वेळ, कुठल्या मीटरवर, काय कार्यक्रम होता, आणि आवाजाला पाच आकडे द्यायचे, सिग्नल कसा, दुसऱ्या स्टेशनची लुडबुड किती, खरखर किती, लाटेची चढउतार किती आणि एकूण कसं. ही माहिती पत्रानं स्टेशनला पाठवली की ते तपासून एक चित्रकार्ड पाठवायचे, हो तुम्ही आमचंच स्टेशन ऐकलंत म्हणून. क्यूएसएल कार्ड. सोबत कॅलेंडर, स्टिकर, कार्यक्रमांचं वेळापत्रक, आणि पाकिटावर तिकीट.

परदेशी पत्राचा खर्च तेव्हा आमच्या मानाने फार होता. दादा कारखान्यात लागला होता, पहिल्या पगारातून त्याने मला दहा एरोग्राम आणून दिले, निळे, घडी घालून चिकटवायचे. एकेक कसा जपून वापरला सांगू. कच्चं आधी पाटीवर लिहायचो, मग वहीत, मग दादा इंग्रजी तपासायचा, मग एरोग्रामवर. दीड-दोन महिन्यांनी पोस्टमन हाक मारायचा तेव्हा गल्लीतली सगळी पोरं गोळा व्हायची. माझ्याकडे ६४ कार्डं आहेत. दादा आता ऐकू येत नाही म्हणून मशीन लावतो, पण कार्ड हातात दिलं की कुठल्या रात्रीचं, पाऊस होता का, सगळं सांगतो.

कट्ट्यावरचा

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान बहुतेक, ९० मधला जन्म. आमच्याकडे ट्रम्प कार्ड. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगीरांची. रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाईट्स फॉट, फाईट्स वन. पाठ होतं सगळं, योकोझुना आला की वेट बोलायचं, जायंट गोन्झालेस आला की हाईट, डोळे झाकून. नंतर चिप्सच्या पुड्यातल्या चकत्या, टाझो, पोकेमॉनवाले. आमच्या चाळीत ३८ टाझो असलेला मी एकटा होतो.

रविवारसकाळ

आलो. कट्ट्यावरचा, राग मानू नका, पण ट्रम्प कार्ड दुकानात पाकीटबंद मिळायची, पैसे दिले की झालं. टाझो तर कंपनीनंच जमवायला म्हणून काढलेले. छाप, तिकिटं, एसटीची तिकिटं ही लोकांनी टाकून दिलेली वस्तू, त्यात आपण किंमत बघायची. मला वाटतं जमवणं खरं ते हे. आमच्याकडे सिगरेटची रिकामी पाकिटं होती, जमिनीवर रिंगण आखून त्यात ठेवायची आणि लांबून फरशीचा चपटा तुकडा मारून बाहेर काढायची. चारमिनार पाच, पनामा दहा, गोल्डफ्लेक पन्नास, आणि परदेशी पाकीट असलं तर हजार. हे भाव कोणी ठरवले माहीत नाही पण बदली होऊन दुसऱ्या गावी गेलो तर तिथेही जवळपास तेच. पैशाशिवायचा बाजार होता तो.

कट्ट्यावरचा

राग नाही दादा. पण एक सांगतो. पाकीट दुकानात मिळायचं खरं, पण माझ्या घरी ते घ्यायला पैसे नव्हते. आई चार घरी पोळ्या करायची. माझा एकही टाझो पुड्यातून आलेला नाही. मी मधल्या सुट्टीत मुलांची चित्रकलेची वही पूर्ण करून द्यायचो, एक चित्र एक टाझो. निसर्गचित्र असेल तर दोन, कारण झाडाला पानं काढायला वेळ लागायचा. ३८ टाझो म्हणजे मी भरलेली पानं आहेत ती. आज मी ॲनिमेशनमध्ये काम करतो. तुम्ही म्हणता ते टाकाऊतून किंमत बघणं मला पटतं, पण कंपनीनं काय म्हणून काढलं यापेक्षा आपल्याकडे ते कसं आलं हे जास्त मोठं आहे, ताईंनी तेच विचारलंय ना.

रविवारसकाळ

माझं चुकलं. मनापासून सांगतो, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे शब्द मागे घेतो.

डोंगरवाट

किल्ल्यावरचे मावळे! दिवाळीला दर वर्षी दोन घ्यायचे, घरात नियमच होता, दोनच. आधीचे कापसात गुंडाळून खोक्यात, खोक्यावर वर्ष लिहिलेलं. मातीचे, रंग अगदी ढोबळ, मिशी म्हणजे एक रेघ. पण गवळण, शेतकरी, तोफ, शिंग फुंकणारा, पहारेकरी असं करत करत चौदा वर्षांत २७ झाले. ज्यांच्याकडून घ्यायचो त्या कुंभारमावशी दर वर्षी मला ओळखायच्या आणि गेल्या वर्षी काय नेलंस ते विचारायच्या, म्हणजे तेच परत देऊ नये. एका वर्षी बाबांची नोकरी गेली होती, त्या वर्षी मी नुसता बघायला गेलो. त्यांनी भाला धरलेला एक हातात ठेवला, म्हणाल्या याचा भाला वाकडा झालाय, विकला जायचा नाही, तू ने. भाला सरळ होता.

ओलीवाट

आम्ही सध्या ओहायोत. इथे १९९९ ते २००८ क्वार्टर नाण्यांवर एकेक राज्य काढलं होतं, वर्षाला पाच, राज्यं ज्या क्रमाने देशात आली त्या क्रमाने, पहिलं डेलावेअर, शेवटचं हवाई. लेकीनं ते पुठ्ठ्याच्या नकाशात भरायला घेतलं तेव्हा माझ्या सासऱ्यांना इथे सहा महिने राहायचं होतं, इंग्रजी फारसं नाही, करमेना त्यांना. मग दोघं रोज लाँड्रीच्या मशिनपाशी जाऊन सुटे मोजायचे. सासरे कधी बोलले नसतील इतकं तिच्याशी त्या नाण्यांवरून बोलले, आणि जाताना पन्नास राज्यांची नावं मराठीत लिहिलेली वही तिला देऊन गेले. हवाईचं नाणं ते गेल्यानंतर मिळालं.

पांढरीचाशेतकरी

शिवराईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या पांढरीच्या रानात, म्हणजे जुन्या गावठाणाची जागा, नांगरट झाली की पहिल्या पावसानंतर तांब्याचे पैसे वर यायचे. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र पति. आजोबा म्हणायचे ती लक्ष्मी आहे, देव्हाऱ्यात ठेव. मी दहा वर्षांचा असताना एक सापडलेली चिंच आणि राख लावून घासत बसलो, सोन्यासारखी लाल झाली, मी खूश, आणि आजोबांनी हातात घेतली तर 'छत्र' गेलेलं, नुसतं 'पति' उरलेलं. ओरडले नाहीत. अंगठा फिरवत राहिले त्या जागेवरून. म्हणून जुनाबाजार यांनी लिहिलंय ते प्रत्येकाने ध्यानात ठेवा.

आणि एक कायद्याचं. जमिनीत पुरलेलं धन सापडलं, दहा रुपयांवर किमतीचं, तर कलेक्टरला कळवायचं असा कायदा आहे, १८७८ चा, अजून लागू आहे. हंडा सापडला आणि गपचूप वाटून घेतला की ती नाणी वितळून जातात आणि गावाचा इतिहास पण जातो. आमच्या शेजारच्या शिवारात असं झालेलं मी बघितलंय, एकही नाणं बघायला राहिलं नाही.

पेटीतलीकाडी

छाप म्हटल्यावर मी आलेच. माझं माहेर अंबरनाथ, विमको नाक्याजवळ. स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली ती विमको, आणि आमच्या गावातला कारखाना तिचाच. बाबा तिथे होते. त्यामुळे आम्हाला विमकोच्या छापांची काही मातब्बरी नव्हती, आम्हाला हवे शिवकाशीचे, आणि गारवेलताई तुम्हाला ते ट्रकवाल्यांकडून मिळायचे हे वाचून मला आत्ता या वयात हेवा वाटला. शिवकाशीकडे बारीक बारीक कारखाने भरपूर, प्रत्येकाचं चित्र वेगळं, शिवाय चाललेल्या छापाची नक्कल करून नाव जरासं बदललेलं. मोराच्या शेजारी दुसरा मोर ठेवा आणि शेपटीची पिसं मोजा, फरक सापडेल.

काडेपेटी चौदा वर्षं एक रुपयाला होती, डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये झाली. आता बहुतेक पेट्यांवर छाप वेगळा चिकटवलेला नसतो, पुठ्ठ्यावरच छापतात, पाण्यात टाकून काही सुटत नाही. म्हणजे तुमची वही परत कोणाला करता येणार नाही.

कसरीसाठी, वही जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच बाहेर राहू द्या, नाहीतर कागदाला पाणी सुटतं. छाप वहीतून सोडवायला जाऊ नका, खळ जुनी झाली की कागद घेऊन निघते. पानाचे फोटो काढून ठेवा. मोराची भोकं राहू द्या.

गारवेल

सगळ्यांना दंडवत. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. तीन रविवार लागले पण काम झालंय.

वही फ्रीजरमधून निघाली. कसर मेली, चार दिवस बघतेय, नवीन भोक नाही. लेकानं भिंग घेऊन सगळी नाणी लावली, हैदराबादची चांदणीवाली २३ निघाली, मुंबईची सगळ्यात जास्त. प्रत्येकाला कागदी पाकीट, वर पेन्सिलनं नाणं, वर्ष, टांकसाळ, आणि खाली तो मला विचारून 'कोणी दिलं' लिहितो. वीस पैशाची पितळी कमळवाली सहा आहेत, ती माझ्या आजीनं लक्ष्मीपूजनाच्या ताटातून दिली होती. आईला तीन पैशाचं विचारलं तर ती म्हणाली शेंगदाणे, आणि मग तासभर तिच्या शाळेचं बोलत होती, जे मी कधीच ऐकलं नव्हतं.

अण्णाच्या पानावर नाव काय लिहायचं अडलं होतं. मामाला फोन केला. मामा ८१ वर्षांचा. म्हणाला नाव मलाही माहीत नाही गं, पण गाडीवर मागं मोर काढलेला होता. लेकानं तेच लिहिलंय, 'अण्णा, मोरवाला ट्रक'.

त्रिकोणी तिकिटाचं पाकीट वेगळं ठेवलंय, त्यात एशियाडचं नाणं पण घातलंय. शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर मैत्रिणीची चौकशी टाकलीय.

आता एक मागणं. लेकाला तीन पैशाची वर्षं लावायचीयत. १९६५, ६६, ६७, ६८ आहेत, ६७ दोन आहेत. पहिलं १९६४ चं नाही. कुणाकडे डबल असेल तर अदलाबदल करणार का? ६७ च्या बदल्यात.

जुनाबाजार

माझ्याकडे ६४ ची तीन आहेत, एक मुंबईचं आहे. मुलाला म्हणावं स्वतः पत्र लिही, काय हवं, काय देतोस, सगळं नीट. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. ६७ कुठल्या टांकसाळेचं ते बघून लिही.

गारवेल

लिहायला बसलाय. हैदराबादचं आहे म्हणतो.

टपालहंशील

ताई, पाकिटावर काउंटरचं छापील स्टिकर लावू देऊ नका, पोस्टात चित्राची तिकिटं मागून घ्या आणि लावा. आणि जुनाबाजार, ते पाकीट आलं की फेकू नका, मला हवंय.